कूपरेज ते शाहू स्टेडियम : एका फुटबॉलवेड्याच्या आठवणी

स्मरणिका समितीने 'इतिहासाचं काहीतरी लिहा' असा आग्रह केला. पिंपळगावच्या द्राक्ष-कांद्याचा इतिहास सांगणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. मी आपला फुटबॉलचा सांगतो.

बँकेत लागलो तेव्हा पहिली नेमणूक मुंबईत, फोर्टात. संध्याकाळी हिशेब जुळला की आम्ही तिघे-चौघे ओव्हल मैदान ओलांडून कूपरेज गाठायचो. जुन्या काळी तिथे लाकडी पिंपं बनत, म्हणून हे नाव. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी. ती १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने मोडली. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वेळा चषक नेला. हे सगळं आम्हाला शेजारी बसणारे म्हातारे प्रेक्षक तोंडपाठ सांगत.

मोहन बागान, ईस्ट बंगाल आले की मुंबईतले बंगाली लोटायचे. गोव्याचा संघ असला की गोंयकार. मफतलाल, टाटा, महिंद्र, ओर्के मिल्स, एअर इंडिया असे कंपन्यांचे संघ होते, बँकांचेही होते. खेळावर नोकरी मिळायची. सकाळी काउंटरवर व्हाउचर लिहिणारा पोरगा संध्याकाळी मैदानावर बघितला की ओळखू यायचा नाही!

पुढे बढतीवर कोल्हापूरला बदली झाली. वाटलं, आता फुटबॉल संपला. तर तिथे शाहू स्टेडियम! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची, आणि संघ कुणाचे, तर तालमींचे आणि पेठांमधल्या मंडळांचे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल पोसलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पाटाकडील-दिलबहार सामना असला की आमचे शिपाईमामा सकाळीच अर्ध्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवत. पायऱ्यांवर आजोबा, मुलगा, नातू एकाच ओळीत. "मार की रं!" अशी आरोळी उठली की पलीकडच्या रस्त्यावर कळायचं. कधी भांडणंही जुंपायची, पोलीस बंदोबस्त लागायचा, तेही खोटं कशाला सांगू?

आता गंमत बघा. मुंबईचे ते कंपन्यांचे संघ एकेक करून मिटले. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, तरी २०१० मध्ये संघ गुंडाळला गेला. वरच्या मजल्यावर एक निर्णय झाला की खेळ खलास. तालमीचा संघ मात्र असा बंद करता येत नाही, कारण तो पेठेचा असतो. वर्गणी घरोघरची, जर्सीचा अभिमानही घरोघरचा. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा मी एकटाच टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होतो.

हे सगळं आठवायचं कारण असं, की आपली सोसायटीसुद्धा तालमीसारखीच, सभासदांची. संध्याकाळी पार्किंगमध्ये टोमॅटोचे दोन क्रेट ठेवून पोरं गोल करतात. 'गाड्यांना ओरखडे पडतात' ही तक्रार खरी आहे. पण त्यांना हाकलण्याऐवजी मागचा मोकळा भूखंड सपाट करून द्यावा, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक पाहिजे. आणि हो, पहिली वर्गणी माझी.