पुस्तकाचे मोल आणि परतावा

दर वर्षी जुलै महिना उजाडला की लखनौच्या अमीनाबादेत पुस्तकांच्या दुकानांसमोर विद्यार्थ्यांची दाटी होते. हातात महाविद्यालयातून मिळालेली यादी, खिशात वडिलांनी मोजून दिलेले पैसे आणि समोर ती ठरावीक पाटी : ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा.’ या पाटीचा अर्थ आम्ही बदलीवर फिरणारी माणसे इतरांहून अधिक जाणतो. एका प्रांतात मुलासाठी सबंध संच विकत घ्यावा, दिवाळीनंतर बदलीचा हुकूम यावा आणि नव्या गावी अभ्यासक्रमच निराळा निघावा, हे आमच्यापैकी अनेकांच्या घरी घडले आहे. पुस्तके कोरी असतात. पण दुकानदाराच्या लेखी त्यांची किंमत रद्दीइतकीच उरलेली असते.

तक्रार आजची असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे. विद्येचे साधन विद्यार्थ्याला कोणत्या मोलाने मिळावे, आणि ते मोल ठरवावे कोणी? लखनौच्या इतिहासात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळालेली दिसतात. एक येथील एका मुद्रकाने दिले, दुसरे मुंबईच्या एका वकिलाने.

मुद्रक म्हणजे मुन्शी नवल किशोर. सत्तावनच्या धामधुमीत हे शहर उद्ध्वस्त झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५८ साली, बावीस वर्षांच्या या तरुणाने येथे छापखाना घातला. तोवर ग्रंथ ही बहुतांशी अमीरउमरावांच्या संग्रहातील वस्तू होती. नवल किशोर यांनी शिळाछापाची कास धरली. कातिबाने वळणदार फारसी लिपीत पान लिहावे, ते दगडावर उतरवावे आणि त्यावरून प्रती काढाव्यात, अशी ही रीत. यात खिळे जुळविण्याची यातायात नाही. एकदा दगड तयार झाला की पुढच्या प्रतीला खर्च येतो तो मुख्यतः कागदाचा, शाईचा आणि मजुरीचा. म्हणून प्रती जितक्या अधिक, तितकी एकेक प्रत स्वस्त. त्यातच शिक्षणखात्याच्या पाठ्यपुस्तकांचे काम त्यांच्याकडे आले. या हुकमी कामाच्या आधारावर अरबी, फारसी, उर्दू, हिंदी आणि संस्कृत ग्रंथ सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणणे त्यांना शक्य झाले. गालिबची फारसी कविता १८६३ साली याच छापखान्यातून बाहेर पडली. किमतीचे खरे मूळ कागदात आहे हेही त्यांनी ओळखले होते. १८७९ साली लखनौत निघालेल्या कागदाच्या गिरणीत त्यांचा पुढाकार होता. आज हजरतगंजानजीकचा एक रस्ता त्यांचे नाव सांगतो. पुस्तक शोधीत फिरणाऱ्या किती विद्यार्थ्यांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल?

परंतु पुस्तकाला जशी किंमत असते, तशी पुस्तक नसण्यालाही असते, आणि ती पुष्कळदा अधिक भारी पडते. गाणे शिकू पाहणाऱ्यास ती एके काळी वर्षानुवर्षांच्या सेवेने चुकवावी लागे. एक चीज मिळावी म्हणून शिष्याने उस्तादाच्या घरी राबावे आणि तरीही अस्ताईवर समाधान मानून अंतऱ्याची वाट पाहावी! पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ही कोंडी फोडली. १८६० साली वाळकेश्वरी जन्मलेल्या या वकिलाने देशभर हिंडून घराण्याघराण्यांतील चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले, त्यामागची दृष्टीही त्यांचीच. आज तेथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. मालिका मुळात मराठी. पुढे हाथरसहून तिचे हिंदी अनुवाद निघाले, आणि उत्तरेतील विद्यार्थ्यांच्या वाटेतला भाषेचा अडसरही दूर झाला. चीज ही घराची पुंजी. ती अशी बाजारात मांडली जावी, याचे उस्तादांना दुःख झाले असेल तर ते आम्हांस समजू शकते. ज्याने निर्माण केले त्याचा हक्क आणि जो शिकतो त्याची गरज, यांतील हा वाद अजून मिटलेला नाही.

अलीकडे हाच वाद दिल्लीच्या न्यायालयात गेला. २०१२ साली तीन परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर आणि खुद्द विद्यापीठावर दावा लावला. महागड्या ग्रंथांतील नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून तेथे अल्प दरात मिळत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापनासाठी सवलत आहे. तिचा आधार घेऊन उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. अपिलात काही मुद्दे पुन्हा चौकशीसाठी पाठविले गेले, पण तत्त्व कायम राहिले. २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

मोलाच्या प्रश्नाला अशी उत्तरे निघत गेली. परताव्याच्या प्रश्नाला मात्र नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांची मुदत गृहीत धरली जाते. म्हणजे फर्मा गळालेले पुस्तक दुकानदाराने घेतलेच पाहिजे. पण बदलीमुळे किंवा नव्या आवृत्तीमुळे निरुपयोगी झालेले पुस्तक कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असते! एकट्या दुकानदारास दोष देणेही न्याय्य नव्हे. प्रकाशक जे परत घेत नाही, ते त्याने कोणत्या फळीवर ठेवावे? प्रकरणांची उलटापालट करून नवी आवृत्ती काढणारा आणि वर्षाआड यादी बदलणारा, हे दोघे त्या पाटीच्या मागे उभे असतात. विद्यार्थ्याला दिसते ती केवळ पाटी.

हा परतावा आजवर साधला आहे तो जुन्या पुस्तकांच्या बाजाराने. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काय किंवा अमीनाबादेत काय, एका विद्यार्थ्याचे पुस्तक दुसऱ्याकडे जाते आणि दोघांचेही थोडे पैसे वाचतात. प्रवासी महाराष्ट्रीयांच्या मंडळांना यावरून काही शिकता येईल. गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग आम्ही हौसेने करतो. त्याच सभागृहात पाठ्यपुस्तकांचे एक कपाट ठेवणे अवघड नाही. बदली होऊन जाणाऱ्याने आपल्या मुलांची पुस्तके तेथे ठेवावीत, नव्याने येणाऱ्याने ती न्यावीत. भातखंड्यांनी घराघरांतून जे मिळविले, ते सर्वांच्या हाती परत केले. आमच्याकडून निदान एवढा परतावा तरी घडावा.