डोळ्याला हात न लावता : एका प्रकाशलहरीची कथा

१/६ शरीरातील गाठ बोटांनी चाचपून ओळखणे ही वैद्यकाची फार जुनी रीत. परंतु डोळ्याचा नाजूक पडदा चाचपायचा कसा? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात १९१४ च्या फ्रान्समध्ये झाली.

२/६ त्या वर्षी लेओं ब्रिलुआँ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाच्या विखुरण्यावर छोटे टिपण प्रसिद्ध केले. लगेच महायुद्ध पेटले. पदार्थात सतत उठणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरींवरून विखुरताना प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, हा सविस्तर सिद्धान्त १९२२ मध्ये आला. रशियात मांडेलश्टाम स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. १९३० मध्ये ग्रॉस यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला.

३/६ हा बदल लाखात जेमतेम एक भाग! ताठर पदार्थात ध्वनी वेगाने धावतो, म्हणून बदल मोठा. मऊ पदार्थात लहान. १९६० मध्ये लेसर आला आणि मोजणी आवाक्यात आली.

४/६ १९८० मध्ये वॉन आणि रँडल यांनी डोळ्याचे भिंग व कॉर्निया याच रीतीने तपासले. २००८ मध्ये स्कार्चेली आणि युन यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली.

५/६ केराटोकोनस या विकारात कॉर्निया दुबळा होऊन शंकूसारखा पुढे येतो. आकार बिघडण्यापूर्वीच दुबळी जागा कळावी, ही या पद्धतीमागची आशा.

६/६ मात्र २०१८ मध्ये एका अभ्यासाने आक्षेप घेतला : ओलसर पदार्थांत हा आकडा ताठरपणापेक्षा पाण्याचे प्रमाणच अधिक सांगतो. शतकापूर्वीचा सिद्धान्त अचूक ठरला. त्याच्या आकड्याचा अर्थ लावण्याचा वाद मात्र आजचा आहे.