कारखान्यातील सुरक्षितता व मालकाची जबाबदारी, भारतातील

कारखान्यात काम करणाऱ्यांच्या जीविताला व आरोग्याला यंत्रे, वाफ, धूळ, विषारी द्रव्ये इत्यादींपासून पोहोचणारा धोका टाळण्याचे, तसेच अपघात झाल्यास त्याची भरपाई करण्याचे मालकावर कायद्याने घातलेले बंधन. भारतात या बंधनाचा इतिहास मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरू होतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली व लवकरच तिच्यासारख्या अनेक उभ्या राहिल्या. वाफेच्या एका एंजिनावरून लांब दांडे व चामडी पट्टे यांच्या साहाय्याने शेकडो यंत्रे फिरविली जात. उत्पादनात खंड पडू नये म्हणून झाडलोट, तेल घालणे ही कामे पुष्कळदा यंत्र चालू असतानाच उरकली जात. अशा कामांवर लहान मुलेही असत. मुंबई सरकारने १८७५ मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळात गिरणीमालकही होते. मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. लँकाशरच्या कापड-उत्पादकांना भारतीय गिरण्यांची स्पर्धा नको आहे, म्हणूनच हा कायदा पुढे केला जात आहे, असा मालकांचा आक्षेप होता. त्यात तथ्य होते. पण यंत्रात सापडणाऱ्या हाताचा प्रश्न त्यामुळे सुटत नव्हता. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः विधेयकाचा मसुदा तयार केला, तो याच जाणिवेतून.

अखेर १८८१ चा अधिनियम संमत झाला. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. त्यामुळे खानदेशातील हंगामी जिनिंग कारखाने बव्हंशी मोकळे राहिले. धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची खबर देणे मालकावर बंधनकारक झाले. तपासणी मात्र बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडेच होती, आणि त्यांना इतर कामांतून तिला सवड मिळणे कठीण.

अपघातग्रस्ताचे पुढे काय, याविषयी हा कायदा मूक होता. तो प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी लावून धरला. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार यांबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. सुटीची मागणी मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली, पुढील वर्षीच्या कायद्याने ती सर्वत्र लागू झाली. भरपाईस मात्र १९२३ उजाडावे लागले. तोवर मृत कामगाराच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमान्वये दावा लावता येई; पण मालकाचा दोष सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच असे आणि तो त्यांना पेलणारा नव्हता. कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने दोषाचा प्रश्न बाजूला सारून अपघातालाच दायित्वाचा आधार मानले. कामगाराने सुरक्षा-साधन जाणूनबुजून काढल्यास मालकाची सुटका होई, ही पळवाट मात्र राहिली.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी किमान संख्या दहावर आणली आणि आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयी तपशीलवार नियम घातले. १९७६ मध्ये हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. तरीही ‘भोगवटादार’ कोण, हा प्रश्न वादाचाच होता. कंपनीचे संचालक एखाद्या कनिष्ठ व्यवस्थापकास पुढे करून स्वतः नामानिराळे राहू शकत.

२–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कारखान्याचा धोका कुंपणाबाहेरच्या वस्तीलाही असतो, याची कायद्याला दखल घ्यावी लागली ती त्यानंतर. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, त्यांची माहिती कामगारांना व परिसरातील रहिवाशांना देणे सक्तीचे केले, आणि कंपनीचा भोगवटादार हा तिच्या संचालकांपैकीच एक असेल असे ठरविले. या तरतुदीस उद्योगांनी न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती वैध ठरविली.

१९४८ च्या अधिनियमासह तेरा केंद्रीय कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान संख्या दहावरून वीस आणि शक्तीविना चालणाऱ्यासाठी वीसवरून चाळीस करण्यात आली आहे.