जुन्या बोर्डाला नवा डाख

जालना–मंठा रस्त्यावरच्या वाटूरसारख्या गावांत कित्येकांनी पहिला कॉम्प्युटर जवळून पाहिला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि हे वर्ग गावोगाव निघाले. त्या काळची यंत्रं आज माळ्यावर पडून आहेत, नाहीतर भंगारात गेली आहेत. त्यातली बरीच दुरुस्त होण्यासारखी असतात. ती का दुरुस्त होतात, हे कळायला त्यांच्यातल्या सर्किट बोर्डाचं कूळ शोधावं लागतं.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे डाख, म्हणजेच सोल्डर. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं 327 ला. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं एकत्र केलं, की ते मिश्रण 183 अंशांलाच पाणी होतं. तांब्याला वितळायला मात्र 1085 अंश लागतात. त्यामुळे सांध्यावरचा डाख पातळ झाला तरी तांबं जागचं हलत नाही आणि जोडलेलं पुन्हा सोडवता येतं. दुरुस्तीची सगळी विद्या या एका गुणावर उभी आहे.

पूर्वी रेडिओत एकेक तार हाताने जोडावी लागे. व्हिएन्नाचे अभियंते पॉल आइस्लर 1936 मध्ये लंडनला आले. छपाईची जाण असलेल्या या माणसाने तारांऐवजी तांब्याचा नकाशाच छापायचं ठरवलं. पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, त्यावर रेषा छापायच्या आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. 1943 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे 1949 मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधले डँको आणि अब्रॅमसन यांनी सुट्या भागांचे पाय भोकांतून काढून अख्खा बोर्ड वितळलेल्या डाखात बुडवायची रीत काढली. एका बुडीत सगळे सांधे जोडले जाऊ लागले आणि प्रत्येक सांधा उलटवायची सोयही कायम राहिली.

2000 च्या आसपासच्या मदरबोर्डांत हमखास बिघडतात ते प्रोसेसरजवळचे कपॅसिटर. आतला द्रव बिघडून वायू धरतो आणि माथा फुगतो. जुना डाख सहज सुटत नाही, कारण बोर्डाच्या पोटातलं तांबं सोल्डरिंग आयर्नची उष्णता ओढून घेतं. अशा वेळी जुन्या सांध्यावर आधी थोडा ताजा डाख चढवायचा. नव्यातल्या फ्लक्समुळे जुनाही सैल होतो, मग कपॅसिटर एकेका पायावर डोलवत बाहेर घ्यायचा. नवा बसवताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि पट्टा असलेली ऋण बाजू बरोबर जागी.

त्याआधीच्या 286-386 प्रोसेसरच्या बोर्डांवर नळकांड्यासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती पाझरली की अल्कली तांब्यावर पसरते आणि ट्रॅक, म्हणजे तांब्याची छापील रेषा, कळकलेल्या पितळेसारखा हिरवा पडतो. बॅटरी काढायची, व्हिनेगरने अल्कली मारायची, बोर्ड धुऊन पूर्ण सुकवायचा. मग मल्टिमीटरने एकेक ट्रॅक तपासायचा. बीप वाजली नाही तिथे बारीक तारेचा जंपर टाकायचा.

युरोपात जुलै 2006 पासून नव्या उपकरणांत शिशावर बंधनं आली. शिसं विषारी असल्याने ती योग्यच होती. बिनशिशाचा डाख वितळायला सुमारे 217 अंश लागतात. ती जास्तीची आच जुन्या बोर्डाचे पॅड उखडू शकते, म्हणून त्याला शिशाचाच डाख द्यावा. खिडकी उघडी असावी आणि जेवणाआधी हात स्वच्छ धुवावेत.

मोबाईलचा बोर्ड दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या हातात आज हीच विद्या आहे. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्यांना दाखवा. आइस्लरच्या छापील रेषांइतकीच त्या सोडवता येणाऱ्या सांध्यांची किंमत आहे. ते सांधे आहेत तोवर यंत्र मेलं असं कुणी म्हणू नये.