जमखंडीचं ग्रहण आणि हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन

दर १८ ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला. थांबा मंडळी! १८६८च्या त्या खग्रास ग्रहणात लॉकियर इंग्लंडातच होता. जान्सेन गुंटूरला, आणि आपल्या टेंभुर्णीच्या सरळ दक्षिणेला, पटवर्धनांच्या जमखंडीत, लेफ्टनंट जॉन हर्शेल. सूर्याच्या ज्वाळांत त्यांना सुट्या, चमकदार रेषा दिसल्या. लॉकियरने पिवळी रेषा ऑक्टोबरात तपासली. ती सोडियमची नव्हती.

पण रेषाच का, अख्खं इंद्रधनुष्य का नाही? त्यासाठी १९१३ उजाडलं. बोर म्हणाला, इलेक्ट्रॉन ठरलेल्या पायऱ्यांवरच राहतो. खाली उतरला की फरकाएवढाच प्रकाश. हेलियममध्ये तिसरीवरून दुसरीवर उतरला, की आपली पिवळी रेषा. एरवी दोन्ही इलेक्ट्रॉन के कवचात, कवच फुल्ल! म्हणून हा गडी कुणात मिसळत नाही. पृथ्वीवर तो रॅम्झेच्या हाती लागला १८९५मध्ये.