जुनापाणीची शिलावर्तुळे

महापाषाणयुगीन दफनस्थाने. विदर्भ आणि तेलंगण या दोन्ही प्रदेशांत अशी वर्तुळे विपुल आहेत. नागपूर-काटोल रस्त्यावरचे जुनापाणी हे त्यांतले सर्वांत नावाजलेले ठिकाण. तिथे सुमारे ३०० वर्तुळे नोंदली गेली. काळ इ. स. पू. पहिले सहस्रक.

कडेने मोठमोठे धोंडे, आत माती-गोट्यांची भर आणि त्याखाली अस्थी, काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर अशी साधारण रचना. पुष्कळदा अख्खा सांगाडा मिळत नाही, थोड्याच अस्थी मिळतात. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये इथली काही वर्तुळे उघडली; त्यांतल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९६१ मध्ये इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तर शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी आणि नैकुंड ही विदर्भातली ठिकाणे खणली.

वर्तुळांमागचा विधी सर्वांत स्पष्ट दिसतो तो घोड्यांत. माहूरझरीला माणसांसोबत घोडेही पुरलेले सापडले. त्यांच्या तोंडात लोखंडी कडियाळी होती, कपाळ-मुस्कटावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने होते. काही हाडांवर धारदार हत्याराचे घाव आहेत. म्हणजे जनावर आपल्या मरणाने मेलेले नव्हे, अंत्यविधीत बळी दिलेले. स्वारीचा सजवलेला घोडा धन्यासोबत पाठवणाऱ्या समाजाला मरणानंतरही काही प्रवास उरतो असे वाटत असावे. हे अनुमानच, पण भक्कम पुराव्यावर बेतलेले. असा मान सगळ्यांच्या वाट्याला आलेला दिसत नाही, त्यावरून मृताची समाजातली पायरीही कळते. लोखंड त्यांना परके नव्हते: नैकुंडच्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या दिशा मोजून आकाशनिरीक्षणाशी संबंध असण्याची शक्यता मांडली. मात्र तेवढ्यावरून ही वर्तुळे वेधशाळा ठरत नाहीत. त्यांचे पहिले काम मृताला जागा देण्याचेच होते. खळग्यांचा हा अभ्यास धोंडे मूळ जागी असतील तरच होतो, आणि विदर्भात शेती व बांधकामासाठी अनेक वर्तुळांचे धोंडे उचलले गेले आहेत.