ढगांआडची हिरवाई : रडार उपग्रह झाडोरा कसा मोजतात?

खरिपाची पिकं जोमाने वाढतात ते जुलै-ऑगस्ट महिने महाराष्ट्रात ढगाळ असतात. कॅमेरा असलेल्या उपग्रहांना तेव्हा बहुतेक वेळा ढगच दिसतात. कुठे भात लावला गेला, कोणती शेतं पाण्याखाली गेली, हे नेमकं गरजेच्या वेळी वरून कळत नाही. अशा वेळी रडार उपग्रह कामी येतात.

कॅमेरा आणि रडार यांत फरक काय?

कॅमेरा सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. रडार मात्र स्वतः सूक्ष्मलहरी सोडतं आणि जमिनीवरून परत येणाऱ्या लहरी मोजतं. त्यामुळे ते रात्रीही आणि ढगांतूनही पाहू शकतं. कॅमेरा पानांचा रंग टिपतो, तर रडारला झाडाची रचना आणि त्यातला ओलावा जाणवतो.

लहरीची लांबी महत्त्वाची का?

सुमारे ५.६ सेंटिमीटरच्या 'सी बँड' लहरी पानं आणि डहाळ्यांवरूनच परततात. इस्रोचा २०२२ मधला ईओएस-०४ आणि युरोपचा सेंटिनेल-१ याच पट्ट्यात काम करतात. सुमारे २४ सेंटिमीटरच्या 'एल बँड' लहरी पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोहोचतात. इस्रो आणि नासाचा 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा इथून सोडण्यात आला. त्यात 'एल' आणि 'एस' असे दोन्ही बँड आहेत. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो.

झाडोरा कसा ओळखला जातो?

रडार उभ्या दिशेत कंप पावणारी लहर सोडतं. मोकळ्या जमिनीवरून ती बहुतांशी तशीच परतते. पानं-फांद्यांमध्ये मात्र ती अनेकदा आपटते आणि तिचा काही भाग आडवा होऊन येतो. उभ्या आणि आडव्या लहरींच्या प्रमाणावरून 'रडार वनस्पती निर्देशांक' काढतात. उघड्या जमिनीवर तो शून्याजवळ असतो आणि पीक दाट होईल तसा चढतो.

भाताची ओळख तर आणखी सोपी. लावणीच्या वेळी खाचरातलं स्थिर पाणी आरशासारखं लहरी दुसरीकडे वळवतं, म्हणून ते चित्रात काळं दिसतं. रोपं वाढली की तीच जागा उजळते.

मग अडचण कुठे?

पावसाने जमीन भिजली की परतणारा संकेत वाढतो आणि पीक वाढल्याचा भास होऊ शकतो. सह्याद्रीसारख्या डोंगराळ भागात उपग्रहाकडचा उतार जास्त उजळ दिसतो, तर पलीकडची बाजू सावलीत जाते. घनदाट जंगलात एका मर्यादेनंतर झाडं वाढली तरी संकेत फारसा वाढत नाही.

म्हणूनच रडारचे आकडे प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावे लागतात. पीक विम्याची भरपाई उत्पादनाच्या अंदाजावर ठरते, तेव्हा चुकीच्या आकड्याचा फटका थेट शेतकऱ्याला बसतो. कुठे पाहायचं हे रडार सांगू शकतं. नेमकं किती पिकलं, याची खात्री शेतातल्या पीक कापणी प्रयोगानेच होते.